तात्यांना लागलेलं बक्षीस

दिवाळी सरून आठवडा झाला होता. भात कापून खळ्यावर आलं होतं, झोडणीला माणसं लागली होती, आणि त्या धांदलीत पोस्टमनदादाने तात्यांच्या ओटीवर एक जाडजूड पाकीट ठेवलं. गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, वर लाल अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली तात्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, एकही चूक न करता छापलेलं. सातबाऱ्यावर ज्यांच्या नावात दोन चुका आहेत आणि त्या दुरुस्त करायला ज्यांनी शहापूरच्या तहसील कचेरीत चपला झिजवल्या, त्या माणसाने आपलं नाव इतकं शुद्ध छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आत एक पत्र होतं, किल्लीच्या आकाराचा पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि करड्या रंगाची पट्टी असलेलं कार्ड होतं. तात्यांनी खिशातलं नाणं काढून पट्टी खरवडली. खाली आकडा निघाला, ८०८०. पत्रात पांढऱ्या गाडीचं चित्र होतं, तिच्या टपावर लाल रिबिनीचं फूल. चित्राखाली बक्षीसपात्र क्रमांक दिला होता. तोही ८०८०.

पुढे लिहिलं होतं की येत्या शनिवारी किंवा रविवारी कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या अमुक लॉनवर भरणाऱ्या कार मेळ्यात मूळ कार्ड, आधार कार्ड आणि बँकेचं एटीएम कार्ड घेऊन यावं. आणि शेवटी ठळक अक्षरांत सूचना होती: 'आपला क्रमांक कोणालाही सांगू नये, अन्यथा बक्षीस रद्द समजले जाईल.'

पत्राच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता. तो करड्या रंगात, इतक्या बारीक टाइपात होता की छपाईतला डाग वाटावा.

तात्यांच्या घरी आलेला प्रत्येक कागद त्यांची नात वाचून दाखवायची. शहापूरच्या कॉलेजात बी.कॉम.ला होती ती. विजेचं बिल असो, सोसायटीची नोटीस असो, आधी तिच्या हातात जायचं. हे पाकीट मात्र तात्यांनी तिला दाखवलं नाही. कोणाला सांगू नका म्हणून छापलेलंच होतं. ते पाकीट त्यांनी घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुन्हा खळ्यावर गेले.

अशा वेळी लोक पटकन म्हणतात, हाव सुटली म्हाताऱ्याला. मला हे पटत नाही. तात्यांना गाडी कशासाठी हवी होती ते आधी समजून घ्यायला हवं. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्यात तात्यांच्या वाट्याची काही जमीन गेली. मोबदला आला. त्यातून घराला स्लॅब पडला, धाकट्या मुलीचं लग्न झालं, उरलेले पैसे बँकेत ठेवले. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा रस्ता एकसंध झाला. पण तात्यांच्या गावातून दवाखान्यात जायचं तर आधी एसटीची वाट, मग बदली गाडी, मग कल्याणात रिक्षा. मागच्या पावसाळ्यात एका रात्री तात्यांच्या मंडळींच्या छातीत दुखू लागलं. एसटी नाही, रिक्षा नाही. शेवटी भेंडीच्या क्रेट वाहणाऱ्या शेजारच्या पिकअपमध्ये, मागे गोधडी टाकून, त्यांना कल्याणला नेलं. जीव वाचला. त्या रात्रीपासून तात्यांच्या मनात दाराशी चारचाकी असावी ही एकच गोष्ट होती, आणि पाकिटाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

शिवाय तात्या भोळे म्हणून ओळखले जात नव्हते. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. खांबलिंगेश्वर म्हसोबाचं ते ठिकाण, आणि तिथला बैलबाजार लांबलांबून माणसं गोळा करणारा. त्या बाजारात गावातला कोणीही बैल घ्यायला निघाला की तात्यांना बरोबर नेणार. जनावर समोर आलं की तात्या आधी त्याच्या तोंडाकडे जायचे. डाव्या हाताने वेसण धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढायचा आणि दात बघायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, की जुळलेला. विकणारा म्हणतो चार दाती आणि तोंडात सहा दात दिसले, की तात्या एक शब्द न बोलता पुढे चालू लागायचे. दातांत खोट नसली तर मग खांदा चाचपायचा, जुवाचे घट्टे बघायचे, खुरांच्या बेचक्यात बोट घालायचं, चार पावलं चालवून, थांबवून, पुन्हा चालवून बघायचं. शेवटी विकणाऱ्याला सरळ विचारायचं, "खोड काय आहे ते सांग." मारका आहे, की नांगराला बसतो, की पाण्याला बुजतो. आणि विकणाराही, चारचौघांत उभा असल्यामुळे, सांगायचा. मग रुमालाखाली बोटांनी भाव. चार लोकांच्या साक्षीने इसार. तोवर खिशातून पैसा बाहेर निघायचा नाही.

याच यात्रेत, मागच्या पौषात, एका मांडवाशी तात्या घटकाभर थांबले होते. मांडवात एक नवी कोरी गाडी उभी होती आणि दोन पोरं कुपनं वाटत होती. 'नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहा आणि पेटीत टाका, सोडतीत गाडी जिंका.' पैसे पडत नव्हते. तात्यांनी नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, स्वतःच्या हाताने, नीट अक्षरांत. ती सोडत कधी निघाली, कोणाला काय लागलं, हे कोणालाच कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पेटी उघडली गेली ती सोडतीसाठी नव्हे. त्या पेटीत एका खेपेत हजारो कुटुंबांची नावं, गावं आणि फोन नंबर जमा झाले होते. पाकिटावरचं शुद्ध नाव तिथून आलं होतं.

शनिवारी तात्या 'कल्याणला जाऊन येतो' एवढंच सांगून निघाले.

लॉनवर लग्नासारखी कमान होती. दारात कार्ड बघून एका पोराने त्यांना फेटा बांधला, दुसऱ्याने माईकवर नाव पुकारलं आणि टाळ्या वाजल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला. 'काका, तुमचा नंबर बरोबर आहे, तुम्ही बक्षीसपात्र आहात,' असं म्हणत एका तरतरीत मुलाने त्यांना फलकाजवळ नेलं. फलकावर ८०८० या आकड्यासमोर पाच वस्तू होत्या: गाडी, मोटरसायकल, टीव्ही, मिक्सर आणि डब्यांचा संच. त्याखाली एक ओळ, 'यांपैकी एक, आयोजकांच्या निवडीनुसार.' आयोजकांची निवड झालेलीच होती. तात्यांच्या हातात झाकणाच्या तीन प्लास्टिकच्या डब्यांचा खोका आला, फोटो निघाला.

तात्यांचा चेहरा पडला, आणि तो पडेल हे त्या मुलाला माहीत होतं. त्याने लगेच दुसरं कार्ड काढलं. "काका, खरं बक्षीस हे आहे. नव्या गाडीवर ५०,००० रुपयांची सूट. हजारांत दहा जणांना मिळते. पण आजच्या दिवसापुरती. संध्याकाळी सहा वाजता बंद." मग गाडीत बसवलं. एसी लावला. मागची सीट दाखवली. "काकूंना आडवं झोपवूनही नेता येईल," असं तो म्हणाला, कारण तोपर्यंत तात्यांनी काकूंच्या दुखण्याबद्दल त्याला सगळं सांगितलं होतं.

सूट कशावर, मूळ किंमत काय, विमा किती, नोंदणी किती, 'हँडलिंग' नावाखाली काय लावलंय, हप्ता किती वर्षांचा, यातलं काहीच तात्यांनी विचारलं नाही. बुकिंगचे २५,००० रुपये मशीनमध्ये कार्ड घालून दिले. फॉर्मवर तीन ठिकाणी सह्या केल्या. फॉर्मची मागची बाजू त्यांनी उलटून पाहिली नाही. बैलाचं तोंड उघडल्याशिवाय रुमाल हातात न घेणारा हा माणूस. पण म्हशात तो चार लोकांत उभा राहून सौदा करायचा, इथे त्याला एकट्याला बोलावलं होतं. कोणाला सांगू नका या सूचनेचा सगळा उपयोग इथे होता. बरोबर नात असती तर तिने फॉर्म उलटला असता.

घरी येऊन तात्यांनी रात्री वहीत हिशेब मांडला. सूट धरूनही महिन्याचा हप्ता मुलाच्या मुरबाड एमआयडीसीतल्या पगाराच्या निम्म्याच्या पुढे जात होता. दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावरून त्यांनी फोन लावला, गाडी नको, पैसे परत द्या. पलीकडून आवाज बदललेला होता. "बुकिंग परत मिळत नाही. फॉर्मच्या मागे लिहिलंय. तुमची सही आहे."

तात्यांनी फोन ठेवला. डब्यांचा खोका माळ्यावर पेंढ्याच्या मागे ढकलला आणि घरात कोणाला अवाक्षर कळू दिलं नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच. त्याहून मोठी भीती होती ती हसं होण्याची. ज्याला सारा गाव जनावर पारखायला नेतो, तो फेटा बांधून फसला, हे पारावर कळलं तर!

आता आक्कांकडे वळायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आक्का गावाच्या वरच्या आळीतल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा भिवंडीला गोदामात. घरी शेळ्या, थोडी नाचणी, थोडी वरी, आणि बचत गटातली शिल्लक. उन्हाळ्यात, धरणांचा तालुका असूनही, त्यांच्या आळीला टँकरची वाट बघावी लागायची, तरी शेळ्यांना पाणी कमी पडू दिलं नव्हतं. मार्गशीर्षात त्यांच्याकडे स्पीड पोस्टाने एक पाकीट आलं. हे दुसऱ्या जातीचं होतं. इथे मेळा नव्हता, लॉन नव्हतं. टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या एका नावाजलेल्या कंपनीचं नाव आणि चिन्ह चोरून छापलेलं पत्र होतं, स्क्रॅच कार्ड होतं, शिक्के होते, कोणा अधिकाऱ्याची सही होती. तुम्हाला आठ लाखांची गाडी लागली आहे, गाडी नको असेल तर तेवढी रक्कम मिळेल, त्यासाठी सरकारी कर १२,५०० रुपये खालील खात्यात भरावा. अशी पत्रं गेली कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत येताहेत, आणि पोस्टाने येतात म्हणून लोकांना खरी वाटतात. मोबाइलवरचा निरोप खोटा असू शकतो हे आता बऱ्याच जणांना कळतं. पण खाकी कपड्यातला आपला पोस्टमनदादा घरी आणून देतो ते खोटं कसं असेल?

आक्का शहाण्या होत्या. त्यांनी लगेच पैसे भरले नाहीत. तात्यांना मेळ्यातून खोका घेऊन गावात उतरताना त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्या बांधावर तात्यांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "तात्या, तुलापण बक्षिसाचं पाकीट आलं होतं ना रे? मिळालं का काही? मलापण आलंय. पैसे भरायचे म्हणतात. भरू का?"

तात्यांनी हातातलं खुरपं पुसलं. म्हणाले, "चालू आहे माझं. कागदपत्रं व्हायचीत. मोठ्या कामाला वेळ लागतो, आक्का."

ते एवढंच बोलले. 'भर' असं ते म्हणाले नाहीत. पण आक्कांनी ऐकलं ते हेच की तात्याचं काम होतंय. तात्यासारख्या पारखी माणसाचं होतंय तर माझं का नाही?

त्या आठवड्यात आक्कांनी चार शेळ्या सरळगावच्या बाजारात विकल्या आणि १२,५०० रुपये पाठवले. तीन दिवसांनी गोड आवाजात फोन आला, आक्का म्हणूनच हाक मारत. गाडी निघाली आहे, आरटीओचे १८,००० भरले की पोचेल. आक्कांनी बचत गटातून कर्ज उचललं. तेही पाठवले. मग फोन लागेनासा झाला. आक्कांनीही कोणाला सांगितलं नाही. कारण त्यांनाही वाटलं, तात्यांचं झालं आणि माझं नाही, म्हणजे माझंच काही चुकलं असेल. गटाचा हप्ता थकला, बायकांनी खोदून विचारलं, तेव्हा जानेवारीत ती गोष्ट बाहेर पडली.

तात्यांना ती त्यांच्या मंडळींकडून कळली. जेवता जेवता त्या सहज सांगत होत्या. तात्यांनी ताट सरकवलं, शिडी लावून माळ्यावर चढले, खोका खाली आणला, फॉर्म आणि पावती त्याच्यावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मंडळी रागावल्या नाहीत. पण त्या जे म्हणाल्या ते रागाहून जड होतं. "अहो, २५,००० गेले ते गेले. मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मी आक्कांना थांबवलं असतं."

२६ जानेवारीला ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, शाळेतल्या मुलांना खाऊ वाटला, पाणी योजनेवरून नेहमीची वादावादी झाली. मग तात्या उठले. माणसाला वाटतं की अशा वेळी कोणी आवेशाने बोलेल. तात्यांनी नुसता खोका टेबलावर ठेवला, झाकण उघडून तीन डबे दाखवले आणि हे २५,००० रुपयांना पडले असं सांगितलं. कार्ड काढलं, नंबर मोठ्याने वाचला.

"आठ हजार ऐंशी."

मागून एक जण म्हणाला, "माझापण तोच हाय."

मग खिडकीजवळच्या पोराने सांगितलं की त्याच्या मामाला किन्हवलीत तोच नंबर आलाय. पोस्टमनदादा दाराशी उभा होता, तोही बोलला. एकाच दिवशी त्याच्या पिशवीत तसली पाकिटं ढीगभर होती, त्याला वाटलं होतं बँकेची असतील. सभेतल्या दोघांनी घरी जाऊन आपापली कार्डं आणली. एकाने तर अजून पट्टी खरवडली नव्हती, तो म्हणे शुभ दिवस बघत होता. नातीने सर्वांसमोर ती खरवडली. तिथेही ८०८०. एका क्रमांकाची चार कार्डं टेबलावर शेजारी शेजारी पडली, आणि मग कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. प्रत्येकाने आपापलं कार्ड लपवलं होतं म्हणून प्रत्येकाला ते आपल्या एकट्याचं वाटत होतं.

सभेत काही जण हसले, हेही सांगायला हवं. एक जण म्हणाला, "तात्या, बैलाचे दात मोजता आणि इथे स्वतःचे पाडून घेतलेत!" तात्या म्हणाले, "होय, पाडून घेतले. आता तू तुझं कार्ड काढ." तो हसणारा गप्प झाला. त्याचंही कार्ड निघालं.

नातीच्या ओळखीचे शहापूरचे एक निवृत्त मास्तर होते, ग्राहक चळवळीत मुरलेले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या परंपरेतलं काम ते निष्ठेने करत होते. दुसऱ्या रविवारी ते शाळेच्या वर्गात आले आणि त्यांनी सगळ्यांचे कागद मागवले. त्यांनी उपदेश केला नाही. फॉर्म उलटला, चष्मा कपाळावर चढवला, भिंग काढलं आणि मागच्या बाजूचा सगळा मजकूर शब्दन्‌शब्द मोठ्याने वाचला. पाच मिनिटं लागली. तो पहिल्यांदाच कोणीतरी वाचला होता.

मग त्यांनी आक्कांचं पत्र घेतलं. "आठ लाखांची गाडी बक्षीस लागली तर त्यावर कर लागतो, हे खरं आहे. तो ३० टक्के असतो. म्हणजे किती झाला?" नात म्हणाली, "२ लाख ४० हजार." "आणि हे मागतात साडेबारा हजार. दुसरं, तो कर सरकारकडे जातो, चलनाने, तुमच्या पॅन नंबरावर. कोणा माणसाच्या बचत खात्यात सरकार कर घेत नाही. हे बघा, खातं एका माणसाच्या नावाचं आहे." आक्का त्या नावाकडे बघत राहिल्या. ते नाव त्यांनी पैसे भरताना स्वतः दुकानदाराला वाचून दाखवलं होतं.

हे दोन प्रकार वेगळे आहेत, हे मास्तरांनी नीट उलगडून सांगितलं. आक्कांचं पत्र ही उघड फसवणूक, पोलिसांचं काम. तिथे वेळ फार मोलाची. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला तर पैसे पुढे पळायच्या आत त्या खात्यात अडवता येतात. पैसे गेले त्याच दिवशी फोन झाला असता तर काही हाती लागण्याची आशा होती. महिना उलटल्यावर खात्यात काय उरणार? तरी तक्रार करायचीच, कारण तेच खातं उद्या दुसऱ्या गावात वापरलं जाणार असतं.

तात्यांच्या मेळ्याचं तसं नव्हतं. तिथे खरं दुकान होतं, खरी पावती होती, आणि म्हणून तिथे जबाबदार माणूस सापडत होता. द्यायचं नाही असं मनात ठेवून बक्षिसाचं आमिष दाखवणं, फुकट म्हणून सांगून त्याची किंमत दुसरीकडून वसूल करणं, आणि सोडत जाहीर करून तिचा निकाल लोकांपासून लपवणं, या सगळ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. ही गोष्ट कायद्याला नवी नाही. १९८४ सालीच मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती करून बक्षिसांचं खोटं आमिष त्यात आणलं होतं. २०२२ पासून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी केंद्राची वेगळी नियमावली आहे. तिच्यात म्हटलंय की बारीक अक्षरातली अट मुख्य जाहिरातीच्या विरोधात जाता कामा नये. समोर मोठ्या अक्षरांत गाडी द्यायची आणि मागे बारीक अक्षरांत काढून घ्यायची, याला कायद्यात जागा नाही. सही आहे म्हणून सगळं संपलं, असंही नाही.

कोणीतरी विचारलं, हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांनाच करतात का? मास्तरांनी मान हलवली. अमेरिकेत गाड्यांच्या दुकानांसाठी अशी पत्रं छापून पाठवणारे मोठे उद्योग आहेत. २०२० साली करोनाच्या दिवसांत लुइझियाना राज्यातल्या ट्रॅफिक जॅम इव्हेंट्स नावाच्या कंपनीने सरकारी मदतीच्या कागदासारखी दिसणारी पत्रं घरोघर पाठवली. मदत मिळेल म्हणून लोक दिलेल्या पत्त्यावर गेले, तर तिथे जुन्या गाड्यांची विक्री चाललेली. बक्षिसाची पत्रंही तीच कंपनी पाठवायची. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये त्यांना गाड्यांच्या जाहिरातीच्या धंद्यातूनच बाहेर काढलं. शिकलेली, इंग्रजी वाचणारी माणसं तिथे फसली होती. शिक्षण असून भागत नाही, कागद दुसऱ्याला दाखवावा लागतो.

मास्तरांच्या सांगण्यावरून आधी मेळावाल्यांना स्पीड पोस्टाने नोटीस गेली. त्यात चौघांच्या सह्या होत्या आणि चारही कार्डांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. उत्तर आलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकीलच हवा असंही नाही, हे ऐकून लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. ठाण्याला जायची वेळ आली नाही. एका ग्राहकाचा फोन उडवून लावता येतो, पण एकाच आकड्याची चार कार्डं एका कागदाला टाचून आली तेव्हा समोरच्याला आयोगापुढे काय होईल ते दिसलं असावं. फाल्गुनात तात्यांचे २५,००० आणि दुसऱ्या एकाचे ११,००० खात्यात परत आले. बाकी दोघांनी पैसे भरलेच नव्हते.

आक्कांचे ३०,५०० आले नाहीत. किन्हवली पोलिसांत तक्रार नोंदली, खात्याचा माग लागला तो दूरच्या राज्यात, आणि ते खातं केव्हाच रिकामं झालेलं होतं.

पैसे आले त्या संध्याकाळी तात्या बँकेतून ते काढून सरळ वरच्या आळीला गेले. आक्का गोठ्यात उरलेल्या दोन शेळ्यांना पाला घालत होत्या. तात्यांनी रुमालात बांधलेले पैसे पुढे केले. म्हणाले, "आक्का, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. चार शेळ्यांचे आहेत, ठेव. गटाचा हप्ताही मी बघतो."

आक्कांनी नको नको केलं नाही. हात पुसले, पैसे घेतले, दोनदा मोजले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले. मग म्हणाल्या, "तेव्हा लाज वाटली तुला, ते मला कळतं. मलापण वाटली. पण तात्या, तुझी लाज माझ्या शेळ्या घेऊन गेली."

तात्यांकडे उत्तर नव्हतं.

"उद्या माझ्याबरोबर ठाकूरवाडीत चल," आक्का पुढे म्हणाल्या. "तिथे तिघींकडे माझ्यासारखंच पत्र आलंय. मी सांगून आले, तर म्हणतात म्हातारीचं नशीब फुटकं, आमचं कशाला फुटेल? तुझं त्या ऐकतील. पण आमच्यासारखं करू नका असा उपदेश करू नकोस. फेटा कसा बांधला, टाळ्या कशा वाजल्या, सही कुठे केलीस, सगळं सांग. डबेपण घे."

तात्या सकाळी खोका घेऊन गेले. तिघींपैकी एकीने पैसे भरायला सोमवारचा दिवस धरला होता. तिने पत्र आणून तात्यांच्या हातात दिलं, आणि तात्यांनी ते आधी उलटं केलं.